पहिला नंबर आला, पुढे काय?

दिवाळीच्या आगेमागे एका रविवारी प्रादेशिक गणित ऑलिम्पियाडची परीक्षा असते. तीन तास, सहा प्रश्न. केंद्राच्या फाटकाबाहेर आईबाप स्कूटरला टेकून उभे असतात. कुणी मोबाइलमध्ये मान घालून, कुणी शेजारच्याच्या मुलाचा क्लास कोणता याची चौकशी करत. मुले बाहेर आली की चहूकडून एकच प्रश्न येतो, ‘किती सुटली?’

पुण्यातल्या अशाच एका बापाला नववीतल्या मुलीने सांगितले, ‘दोन पूर्ण. चौथं अर्धं.’ मग घर येईपर्यंत ती मागे बसून त्या अर्ध्या चौथ्याबद्दलच बोलत राहिली. दोन वर्तुळे एकाच बिंदूतून जातात हे आकृतीत दिसत होते, पण सिद्ध होत नव्हते. बापाच्या डोक्यात वेगळीच बेरीज चालली होती : अडीच प्रश्नांत पुढच्या फेरीला नाव लागेल का? लागले तर त्याचा पुढे उपयोग काय? सिग्नलला मुलीने विचारले, ‘बाबा, ऐकताय ना?’ तो ऐकत नव्हता.

या बापाला हसण्याचे कारण नाही. शिष्यवृत्ती परीक्षेच्या जोरावर गावाबाहेर पडलेली, घरातली पहिली शिकलेली माणसे महाराष्ट्रात कितीतरी आहेत. ज्याच्याकडे ओळख नाही, पैसा नाही, त्याला परीक्षेतला नंबर हाच आधार असतो. पण त्या नंबराकडून काय मागायचे आणि काय मागायचे नाही, हे ठरवायची वेळ फाटकाबाहेर उभ्या असलेल्या प्रत्येकावर कधी ना कधी येते.

मराठी माणसाला गणितातल्या पहिल्या नंबराचे अप्रूप जुने आहे. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत ‘सीनियर रँग्लर’ झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. ‘रँग्लर’ ही पदवी त्यांच्या नावाला अशी चिकटली की मराठीत ती जवळजवळ त्यांचे पहिले नावच झाली.

ती परीक्षा म्हणजे त्या काळातले सर्वांत गाजलेले गणिती युद्ध. पहिल्याचे नाव वर्तमानपत्रांत झळके आणि ऑनर्सच्या यादीत शेवटी येणाऱ्याला विद्यार्थी लाकडी चमचा बहाल करत. खासगी शिकवण्याही होत्या. एडवर्ड राउथ या एकट्या शिक्षकाच्या हाताखालून २५ हून अधिक सीनियर रँग्लर बाहेर पडले. हा राउथ स्वतः १८५४ साली पहिला आला होता. त्या वर्षी दुसरा आलेला विद्यार्थी होता जेम्स क्लार्क मॅक्सवेल. विद्युत आणि चुंबकत्व यांना एका सूत्रात बांधणाऱ्या या दुसऱ्या नंबरवाल्याची समीकरणे आज जगभर शिकवली जातात. ही शर्यत गणिताचेच नुकसान करते असे जी. एच. हार्डींसारख्या गणितज्ञांचे ठाम मत होते. १९०९ नंतर केंब्रिजने गुणानुक्रम जाहीर करणेच बंद केले.

परांजपे परतले ते फर्ग्युसन कॉलेजात. त्या नंबराच्या बळावर त्यांना कुठेही मोठ्या पगाराची जागा मिळाली असती. त्यांनी दोन दशके पुण्यात प्राचार्यपद सांभाळले. पुढे ते कुलगुरू झाले, मंत्री झाले, बुद्धिवादाचे कट्टर पुरस्कर्ते म्हणून ओळखले गेले. गणितात मात्र त्यांच्या नावाचे मोठे प्रमेय नाही. त्यांच्या नंबराने दारे उघडली. कोणत्या दारातून आत जायचे हे त्यांनी वेगळ्याच निकषांवर ठरवले.

त्यांच्याच नावाचे, स्वतंत्र गणिती कामासाठीचे पारितोषिक १९२७ साली फर्ग्युसनमधल्या एका विद्यार्थ्याला मिळाले. डहाणूत जन्मलेला हा विद्यार्थी म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. पुढे ते देवळालीत शाळामास्तर झाले आणि १९६२ पर्यंत तिथेच शिकवत राहिले. फावल्या वेळात आकड्यांशी खेळत. कोणताही चार अंकी आकडा घ्या, फक्त सगळे अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेला आकडा वजा करा : ५४३२ वजा २३४५, म्हणजे ३०८७. पुन्हा तेच : ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा : ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहणार. कुठूनही सुरुवात केली तरी फार तर सात पायऱ्यांत हाच आकडा हाती लागतो. कापरेकरांना हे १९४० च्या दशकात दिसले. भारतातल्या अनेक विद्वानांना त्यांचे काम पोरखेळ वाटे. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कुठे जगाला देवळाली कळली.

कापरेकरांचे गोडवे गाताना एक विसरून चालणार नाही. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. आकड्यांच्या आनंदावर घर चालत नाही, ही बापाची शंका रास्तच आहे. पण त्या आनंदाला निवृत्तीचे वय नव्हते, हेही तितकेच खरे.

आजची आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड १९५९ साली रुमानियात सुरू झाली. भारत १९८९ पासून तिच्यात उतरतो, आणि १९९६ ची स्पर्धा मुंबईत भरली होती. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या शिबिरातून सहा जणांचा संघ निवडला जातो. २०२४ साली इंग्लंडमधल्या बाथ इथे या संघाने चार सुवर्णपदके मिळवून चौथे स्थान गाठले. दोन दिवस, रोज साडेचार तास, रोज तीन प्रश्न. म्हणजे एका प्रश्नाला दीड तास. शाळेत पस्तीस मिनिटांच्या तासाला आठ-दहा गणिते उरकणाऱ्या मुलाला दीड तास अडून बसण्याची मुभा इथेच मिळते. कोणती रीत वापरायची हे कुणी सांगितलेले नसते. ‘ऑलिम्पियाड’ हेच नाव लावून फी घेणाऱ्या, चार पर्यायांत खूण करायला लावणाऱ्या आणि शाळाशाळांत पदके वाटणाऱ्या खासगी परीक्षांचा याच्याशी काही संबंध नाही, हे पालकांनी एकदा समजून घ्यायला हवे.

पण खऱ्या ऑलिम्पियाडचे मापही अपुरेच. १९८८ च्या स्पर्धेतला सहावा प्रश्न दंतकथा होऊन बसला आहे. प्रश्न निवडणाऱ्या समितीलाही तो सुटला नव्हता. ११ मुलांनी तो पूर्ण सोडवला. त्याच वर्षी सर्वांत लहान सुवर्णपदकविजेता ठरलेल्या टेरेन्स ताओला त्या प्रश्नात सातपैकी एकच गुण पडला. २००६ साली त्याला गणितातला सर्वोच्च सन्मान समजले जाणारे फील्ड्स पदक मिळाले. इराणच्या मरियम मिर्झाखानीने १९९४ आणि १९९५ अशी लागोपाठ दोन सुवर्णपदके घेतली आणि २०१४ साली फील्ड्स मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. तरी ती स्वतःला संथ म्हणवून घेई. मोठाले कागद जमिनीवर पसरून ती तासन्‌तास आकृत्या काढत बसे. तिच्या लहान मुलीला वाटे, आई चित्रे काढते आहे. त्या कागदांवर साडेचार तासांची घंटा कधी वाजली नाही.

२०२५ साली आणखी एक गोष्ट घडली. गूगल डीपमाइंडच्या संगणकप्रणालीने त्या वर्षीच्या सहापैकी पाच प्रश्न सोडवले आणि ४२ पैकी ३५ गुण मिळवले, म्हणजे नेमके सुवर्णपदकाइतके. उत्तर काढून देणे एवढाच मुलांच्या मेहनतीचा हेतू असेल, तर ते काम आता यंत्रही करते. पुण्याच्या त्या बापाने ही बातमी वाचली तेव्हा आधी त्याला धसका बसला. मग त्याला स्कूटरवरची ती अर्ध्या तासाची बडबड आठवली. तो प्रश्न यंत्राकडून सोडवून घेण्यात मुलीला काडीचा रस नव्हता. तिला ती वर्तुळे स्वतः उलगडायची होती. तिच्या आयुष्याचे काय व्हावे याचा काही मागमूस असलाच, तर तो त्या बडबडीत होता, आणि बाप नेमका तेव्हा बेरीज करत होता.

ती पुढे गणितच करेल असे नाही. पूल बांधेल, साथीच्या रोगांचा हिशेब मांडेल, नाहीतर एखाद्या तालुक्याच्या शाळेत शिकवेल. परीक्षेला जरूर बसवावे, नंबर आला तर पेढेही वाटावेत. मात्र पुढच्या खेपेला फाटकाबाहेर उभ्या राहणाऱ्यांनी ‘किती सुटली?’च्या आधी ‘कोणतं आवडलं?’ एवढे विचारून पाहावे. आणि मूल बोलू लागले, तर स्कूटरला लगेच किल्ली लावू नये.