जमीन तुमचीच

दादरच्या आमच्या इमारतीत पाइपचा गॅस आला तेव्हा आई एवढंच म्हणाली, "सुटले बाई!" माहेरी उरणला तिचं बालपण चुलीच्या धुरात गेलेलं. तिचा आनंद खोटा म्हणायची माझी छाती नाही. पण १९७४ साली बॉम्बे हायला तेल लागलं, तिथला वायू समुद्राखालून येतो तो तिच्याच उरणला, आणि तिथून मुंबईकडे.

पाइपलाइनचं नुकसान डोळ्यांत भरत नाही. चर खणतात, पाइप पुरतात, माती ओढतात. दोन पावसाळ्यांत गवत उगवतं. १९६२ च्या कायद्याने जमीन मालकाचीच राहते. फक्त त्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, विहीर खणायची नाही, झाड लावायचं नाही. या हक्कापोटी भरपाई बाजारभावाच्या १० टक्के. मामा विचारायचा, "जमीन माजी, मंग आंबा का नको?"

एकच पट्टा असता तर निभलंही असतं. पण उरणला वायूचा प्रकल्प आला, वायूवरचं वीजकेंद्र आलं, १९८९ ला न्हावाशेवा बंदर, मग त्यांचे रस्ते, त्यांचे भराव. खाचरं, मिठागरं, कांदळवन सगळ्यांतून थोडं थोडं गेलं. प्रत्येकाची फाइल वेगळी. भरतीचं पाणी काही फाइली वाचत नाही. एका भरावाशी अडलं की दुसऱ्याच्या शेतात शिरतं.

याची बेरीज कुणी करायची? प्रकल्पवाला आपल्यापुरतं बोलणार, ते समजतं. आम्ही शेगडीवाले मात्र या सगळ्या पाइपांच्या एकाच टोकाला बसलोय, आणि बिल आलं की फक्त युनिट बघतो.