आधी ‘आहे’ म्हणू या

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या गुरुवारी आरतीनंतर एका ताईंनी विचारलं होतं, "जे आहे ते स्वीकारायचं म्हणजे हातपाय गाळून बसायचं का?" प्रसाद वाटायची वेळ झाली आणि उत्तर अर्धवटच राहिलं. नंतर सेवेकरी भगिनी म्हणाल्या, "तुमच्या घरचंच लिहा, त्यात उत्तर आहे." म्हणून हे चार शब्द.

आमच्या सासूबाई आता 84 वर्षांच्या आहेत. तीनेक वर्षांपूर्वी त्या विसरायला लागल्या. आधी गॅस चालू राहायचा, मग एकाच पोथीचं पारायण दिवसातून तीनदा व्हायचं. आम्ही म्हणायचो, "वय झालंय, चालायचंच." तेव्हा आम्हाला वाटायचं, आपण किती समजूतदार! पण तो स्वीकार नव्हता. खरं काय ते बघायला नको, म्हणून केलेली ती टाळाटाळ होती.

पुढे रोज संध्याकाळी आई दारात जाऊन उभ्या राहू लागल्या. "अगं, हे आले का मिलमधून?" बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. मिल तर त्याच्याही कितीतरी आधी बंद पडली. भोंगा थांबला, पण आईंच्या कानात तो वाजतोच. आम्ही फोटोकडे बोट दाखवायचो, "आई, असं काय करता? बाबा गेले ना!" आईंना ते दर वेळी नव्यानंच कळायचं. त्या रडायच्या, जेवायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खरं सांगण्याच्या हट्टापायी नवरा गेल्याची बातमी आम्ही त्यांना किती वेळा दिली, ते आठवलं की आजही गलबलून येतं.

मग एका संध्याकाळी आई घरातून निघून गेल्या. आम्हाला कळलंच नाही. दोन गल्ल्या पलीकडे भाजीवाल्यानं ओळखलं आणि हात धरून घरी आणून सोडलं. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. पहिल्यांदाच आम्ही सगळे एकत्र बसून ते वाक्य बोललो: "आईंना आजार आहे."

एवढं एक ‘आहे’ म्हणायला आम्हाला दीड वर्ष लागलं. आणि सगळी हालचाल सुरू झाली ती त्यानंतर. डॉक्टरांकडे गेलो. विसरण्यामागे थायरॉईड किंवा बी-१२ ची कमतरताही असू शकते, म्हणून त्यांनी आधी रक्त तपासलं. मग निदान झालं, डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. अशा आजारात जवळचं आधी पुसलं जातं आणि जुनं बरेच दिवस टिकतं, संध्याकाळी गोंधळ वाढतो, वाद घालून उपयोग नसतो, हे सगळं तेव्हा कळलं. दाराला घंटी लावली, आईंच्या गळ्यातल्या माळेत घरचा फोन नंबर अडकवला, दिवे लागायच्या आधीच घरात भरपूर उजेड करायला लागलो. यात अवघड काय होतं? काहीच नाही. पण ‘चालायचंच’ म्हणत होतो तोवर यातलं एकही सुचलं नाही.

आपली गुरुमाऊली नेहमी सांगते, मोबाईलवरचा नकाशासुद्धा आधी तुम्ही कुठे उभे आहात ते विचारतो, रस्ता मग दाखवतो. उभे राजवाड्यावर आणि मनात धरून बसलो की आपण महेश्वरच्या घाटावर आहोत, तर रस्ता कसा सापडणार?

महेश्वर म्हटलं की आपल्या अहिल्यादेवी डोळ्यांसमोर येतात. 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव गेले. सती जायला निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी थांबवलं. 1766 मध्ये ते मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला. त्याच 1767 मध्ये त्यांनी कारभार हाती घेतला आणि 1795 पर्यंत सांभाळला. महेश्वरला विणकर आणून वसवले, काशी विश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभं केलं. राज्य शंकराचं आणि आपण फक्त कारभारी, हा त्यांचा भाव. त्यांना दुःख झालं नाही का? 1791 मध्ये जावई गेले आणि मुलगी मुक्ताबाई डोळ्यांदेखत सती गेली, तेव्हा त्यांनी तीन दिवस अन्नाला जवळजवळ हात लावला नाही, असं जुन्या इतिहासात लिहिलेलं आहे. मंडळी, स्वीकार म्हणजे डोळे कोरडे ठेवणं नव्हे. रडून घ्यावं. पण ‘असं झालंच कसं’ या भांडणात दोन्ही हात गुंतवून ठेवले, तर पुढ्यातलं काम कोण करणार?

आता आमचा एक प्रश्न अजून उरला होता. आई विचारतात तेव्हा "येतील हं" म्हणावं, तर ते खोटं. आणि खरं सांगावं, तर त्या कोसळतात. शेवटी माऊलींच्या चरणाशी बसून विचारलं. त्या म्हणाल्या, "बाळ, ती मिलची वेळ विचारत नाही. माझं माणूस माझ्यापाशी आहे ना, हे विचारते. त्याचं उत्तर दे."

तेव्हापासून आम्ही आईंचा हात धरून म्हणतो, "आई, बाबांची आठवण आली का? त्यांना चहाबरोबर काय लागायचं हो?" मग आई सांगत बसतात, शेव लागायची, पण उज्जैनची नको, रतलामचीच हवी. पंधरा मिनिटं कशी जातात कळत नाही. दार विसरलं जातं. खोटंही बोलावं लागत नाही.

रोजच असं छान होतं, असं मात्र नाही. परवाच आईंनी आम्हालाच विचारलं, "तू कुणाची गं?" तीस वर्षं ज्यांच्या हाताखाली पुरणपोळी शिकलो, त्यांनी हे विचारलं. स्वयंपाकघरात जाऊन रडलो, तोंड धुतलं, वरण-भात कालवून आणला. त्यांचा आजार हा देवाचा प्रसाद आहे, असं म्हणायला आमची जीभ अजून धजत नाही. पण त्यांना भरवायला मिळणारा तो घास प्रसाद आहे, एवढं नक्की कळलंय.

अजून एक सांगायलाच हवं. घरात कुणी मारत असेल, छळत असेल, तर मुकाट सोसणं म्हणजे स्वीकार नव्हे. तिथेही ‘आहे’ म्हणायचं, ते लपवणं थांबवून मदत मागता यावी म्हणून.

या आठवड्याचा संकल्प: नामजपाला बसण्याआधी वहीत एक ओळ लिहू या, जी ‘आहे’ने संपेल. मुलाला नोकरी नाही आहे. गुडघा दुखतो आहे. भावाशी अबोला आहे. जी ओळ लिहिताना हात थांबेल, तीच लिहायची. तिच्याखाली, आज करता येईल असं एकच काम. बाकी गुरुचरणी.

गुरुवारी आरती नेहमीच्या वेळी. घरातल्या वयस्कर मंडळींना सोबत आणा. विसरणाऱ्यांना तर नक्की आणा. आमच्या आईंना नावं आठवत नाहीत, पण आरतीला टाळ्यांचा ताल अजून एकदाही चुकलेला नाही.

॥ श्री सद्गुरुचरणार्पणमस्तु ॥ 🙏