नियमात बसणारं उत्तर

कायम वास्तव्याच्या १९१ क्रमांकाच्या व्हिसासाठी ऑस्ट्रेलियाचं सरकार माझ्याकडून मागतं ते तसं मोजकंच आहे. ४९१ क्रमांकाचा तात्पुरता व्हिसा किमान तीन वर्षं हातात असावा. तीन आर्थिक वर्षांच्या कर आकारणीचे कागद असावेत. आणि या काळात मी, नवरा आणि मुलगी, तिघंही सरकारने ठरवून दिलेल्या 'रिजनल' भागातच राहिलेलो, तिथेच कामाला आणि शाळेला गेलेलो असायला हवं. हे सगळं खरं आहे. भाडेकरार, विजेची बिलं, पगाराच्या स्लिपा मी तारखेनुसार लावून ठेवल्या आहेत. अर्जात कुठेही खोटं लिहावं लागणार नाही.

तरीही सही करायच्या आधी मला स्वतःचा जबाब घ्यायचा आहे. मी कुठे राहिले हे सरकार विचारतं. का राहिले, हे विचारत नाही, आणि त्याने विचारावं अशी माझी अपेक्षाही नाही. तो प्रश्न मीच मला विचारायला हवा.

आम्ही माउंट गँबिअरला राहतो. साउथ ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यातलं, चुनखडीवर वसलेलं, सव्वीस-सत्तावीस हजार वस्तीचं हे गाव. इकडे ॲडलेड, तिकडे मेलबर्न, आणि दोन्हीकडचं अंतर चारशे किलोमीटरहून जास्त. गावाला लागून जुन्या ज्वालामुखीच्या विवरात ब्लू लेक आहे. हिवाळ्यात त्याचं पाणी करडं दिसतं आणि नोव्हेंबरच्या सुमारास गडद निळं होतं. गाव हेच पाणी पितं. भोवती मैलोन् मैल पाइनची लागवड आणि लाकडाच्या गिरण्या. बोआंडिक लोकांची ही भूमी. त्यांना इथे राहण्यासाठी आमच्यासारखे व्हिसाचे गुण कुणी कधी दिले नव्हते, हे मला इथे आल्यावर कळलं आणि तेव्हापासून ते मनातून गेलेलं नाही.

कायद्याच्या लेखी 'रिजनल' म्हणजे सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन वगळून जवळजवळ सगळा देश. तेरा लाखांहून जास्त वस्तीचं ॲडलेडही त्यात येतं आणि आमचं गावही. म्हणजे व्याख्या इतकी ऐसपैस आहे की तिच्या आत राहिल्याने मी एखाद्या गरजू गावाच्या उपयोगी पडले, असं आपोआप सिद्ध होत नाही. कायद्याची रेघ न ओलांडणं आणि त्या रेघेमागचा हेतू पाळणं, या दोन गोष्टींमध्ये बरीच मोकळी जागा राहते. माझी तपासणी त्या मोकळ्या जागेतली आहे.

पहिली गोष्ट नवऱ्याच्या नोकरीची.

मुख्य अर्जदार मी. व्हिसा माझ्या पदवीवर, माझ्या अनुभवावर मिळाला. नवरा पुण्यात हिशेब तपासनीस होता, चांगल्या हुद्द्यावर. इथे त्याला त्याच्या कामाची नोकरी मिळेना, म्हणून तो लाकडाच्या गिरणीत पाळीवर जाऊ लागला. आल्यानंतर वर्षभरातच त्याला मेलबर्नच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. पण अट अशी की कामावर तिथे हजर राहायला हवं. ओळखीतल्या एका कुटुंबाने लगेच वाट दाखवली: घर आणि पत्ता इथलाच ठेवा, मुलगी इथल्याच शाळेत राहू दे, तो सोमवार ते शुक्रवार तिकडे राहील, कोण बघायला येतंय. असं करणारे लोक आहेत. त्यांच्यावर घराचे हप्ते असतात, गावाकडे पाठवायचे पैसे असतात, हे मला माहीत आहे. तरीही ते चुकीचं आहे, असंच माझं मत आहे. ही जागा आपल्याला या भागासाठी म्हणून मिळालेली असते, आणि रांगेत मागे कुणीतरी खरोखर इथे राहायला तयार असलेला उभा असतो.

आम्ही नाही म्हणालो. पण ते 'नाही' आलं कुठून? त्या रात्री माझ्या मनात सगळ्यात आधी आली ती व्हिसा रद्द होण्याची भीती. सचोटी नंतर आली. नवऱ्याशी बोलताना मात्र मी भीतीचं नावही काढलं नाही. आपल्याला खोटं वागायचं नाही, एवढंच म्हणाले. तत्त्वाची बाजू घेतली की समोरच्याला वाद घालायला जागा उरत नाही. त्यानेही घातला नाही. तो गिरणीत जात राहिला आणि मी मनाशी समाधानी राहिले, की आमचं घर सरळ चालणारं आहे. निर्णय बरोबर होता. आजही मी तोच घेईन. पण त्याची किंमत एकट्या त्याने मोजली आणि त्याचं श्रेय मी स्वतःकडे ठेवलं, हे आता मला स्पष्ट दिसतं.

दुसरी गोष्ट माझ्या लातूरची. ती जास्त खोल जाते.

मी स्थापत्य अभियंता आहे, पाण्याच्या कामातली. इथला व्हिसा मिळण्यासाठी आधी एंजिनीअर्स ऑस्ट्रेलिया या संस्थेकडून कौशल्य तपासून घ्यावं लागलं. त्यासाठी आपल्या कामाचे तीन प्रसंग लिहायचे असतात, आणि ते प्रथमपुरुषी एकवचनात लिहायचे असतात. 'आम्ही केलं' चालत नाही, 'मी केलं' असंच हवं. नियम रास्त आहे. तपासणाऱ्याला त्या एका माणसाला काय येतं हेच पाहायचं असतं. मी लिहिलेल्या प्रसंगांपैकी एक औसा तालुक्यातल्या एका गावातला, जलयुक्त शिवार योजनेच्या दिवसांतला होता. ओढ्याचं खोलीकरण आणि त्यावरचा बंधारा. बंधाऱ्याची जागा आम्ही नकाशावर जिथे धरली होती, तिथून ती वर सरकवायला लावली गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने. कातळ कुठे वर येतो आणि पाणी कुठे पळतं, हे त्याला पायाखालच्या वाटेइतकं ठाऊक होतं. माझ्या लेखनात त्याचा उल्लेख 'स्थानिकांशी चर्चा करून' एवढ्यावर संपला. बाकी सगळीकडे मी.

हे लिहिणं नियमाला धरूनच होतं. पण ज्या दुष्काळाने ते काम निर्माण केलं, तो दुष्काळ माझ्या अर्जात पात्रता होऊन बसला, ही गोष्ट मी बरीच वर्षं मनाबाहेर ठेवली. २०१६ साली लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, पाच लाख लिटर पाणी. ती गाडी बघायला मी स्टेशनवर गेले होते. आईच्या घरी तेव्हा नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं. त्याच वर्षाच्या अखेरीस मी पुण्याची नोकरी घेतली.

मी गेले ते पगारासाठी, मुलीच्या शाळेसाठी आणि जरा मोकळं जगायला मिळावं म्हणून. त्यात गैर काही नव्हतं, असं मला आजही वाटतं. मात्र त्यानंतर मी एक तक्रार पाठ करून ठेवली: लातूरने मला थांबवायला दिलं तरी काय? मराठवाड्याचा अनुशेष हा आमच्या घरात लहानपणापासूनचा विषय. वडील हा अनुशेष मोजणाऱ्या दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालाबद्दल तावातावाने बोलायचे. सिंचन, रस्ते, शाळा, दवाखाने, कशात किती तूट, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांचं ऐकून मीही अनुशेषाची भाषा शिकले, आणि सोयीने विसरले की शिकलेलं माणूस निघून जातं तेव्हा त्या तुटीत आणखी एकाची भर पडते. सरकारी महाविद्यालयात, माफक फीमध्ये मी जे शिकले, ते कशाच्या जोरावर शिकले, याचा हिशेब माझ्या तक्रारीत कधीच नव्हता.

खरा पेच मला इथे आल्यावर कळला. या गावात आलो तेव्हा कितीतरी दिवस भाड्याने घर मिळेना. थंडी अंगवळणी पडायला वेळ लागला. मराठी बोलायला घरातली तीन माणसं. डॉक्टरची वेळ मिळायला आठवडे, मोठ्या तपासणीसाठी ॲडलेडची वारी. हे सगळं मी बिनतक्रार सोसलं, कारण पुढे एक कागद मिळणार होता. राज्याने पुरस्कृत केलं म्हणून गुणांच्या यादीत पंधरा गुण मिळाले होते. एवढीच अडचण, एवढाच आडगावचा एकटेपणा कुणी मला औशात, किंवा गडचिरोलीत, तितकीच वर्षं सोसायला सांगितला असता, तर मी म्हणाले असते, की व्यवस्थेने आधी सोयी द्याव्यात. म्हणजे आडगावी राहायची माझी तयारी होती. आपल्या आडगावी राहायची नव्हती. यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही, आणि खोटं उत्तर मला नको आहे.

मी इथे जे काम करते ते भूजलाचंच आहे. निरीक्षण विहिरींतली पातळी मोजायची, वर्षांमागून वर्षांचे आकडे लावायचे, कुणाला किती उपसा परवडेल याचा अंदाज बांधायचा. इथे शेतकऱ्याला तर ठरावीक घनमापाचा परवाना लागतोच, पण पाइनच्या व्यावसायिक लागवडीलाही पाण्याचा परवाना घ्यावा लागतो. दाट झाडी पावसाचं पाणी खाली मुरू देत नाही, आणि भूजल उथळ असेल तिथे मुळं ते थेट ओढून घेतात, म्हणून झाडांचाही पाण्याचा हिशेब धरला जातो. लाकूड हा या भागाचा मुख्य धंदा, तरीही हे झालं. ते पहिल्यांदा समजलं तेव्हा मला मांजरेकाठचा ऊस आठवला. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात, जिथे बोअर आठशे-हजार फुटांवर गेलेत, तिथे उसाच्या पाण्याचा असा हिशेब लावायला कोण बसणार? आपल्याकडेही भूजलाचा कायदा आहे. तो कागदावरून विहिरीपर्यंत न्यायला माणसं लागतात. पाणी मोजायला शिकलेली, गावाची भाषा बोलणारी, शिव्या खाऊनही बैठकीत बसून राहणारी माणसं. मी तशी होऊ शकले असते.

'इथलं ज्ञान घेऊन कधीतरी परत जाईन,' असं मी आईला फोनवर सांगत असे. आई ऐकून घ्यायची आणि विचारायची, ''तिकडं तळ्याला पाणी हाय का गं भरपूर?'' मी आता ते वाक्य बोलणं सोडलं आहे. मी परत जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. मुलगी इथे रुजली आहे, आणि कायम वास्तव्याचा अर्ज करणारी बाई परतीची भाषा करते तेव्हा ती ऐकणाऱ्याला नाही, स्वतःला फसवत असते. गावाकडच्या एका संस्थेच्या तरुणांना मी आता आकडे कसे लावायचे ते रविवारी ऑनलाइन शिकवते. ते मला आवडतं. त्याने देणं फिटलं, असं मात्र मी स्वतःला म्हणू देत नाही.

राहता राहिला पुढचा प्रश्न. १९१ मिळाला की राहण्याच्या सगळ्या अटी संपतात. दुसऱ्याच दिवशी सामान बांधून मेलबर्नला गेलो तरी कुणी विचारणार नाही. राज्याकडे अर्ज करताना मी या भागाशी बांधिलकी असल्याचं लिहून दिलं होतं. ते लिहिताना मनात तीन वर्षंच होती. त्यामुळे ते वाक्य शब्दांनी खरं आणि मनाने अर्धवट होतं. इथल्या माणसांनी मात्र मला तीन वर्षांची पाहुणी म्हणून वागवलं नाही. शेजारच्या बाईंनी मुलीला पोहायला शिकवलं. ऑफिसात माझ्या हातात दिलेली कामं कायमच्या माणसाला द्यावीत अशी आहेत.

म्हणून अर्ज दाखल करण्याच्या आधीच मी ऑफिसात सांगून टाकलं: निरीक्षण विहिरींच्या नव्या जाळ्याचं काम पूर्ण होऊन दुसऱ्या कुणाच्या हाती नीट सोपवेपर्यंत मी इथून हलणार नाही. त्यापुढचं वचन मी दिलेलं नाही, कारण ते एकटीने द्यायचा अधिकार मला नाही. नवऱ्याला मी त्या जुन्या रात्रीबद्दल सांगितलं. भीती आधी होती, तत्त्व मागाहून पांघरलं, हेही सांगितलं. तो म्हणाला, ते त्याला तेव्हाच कळलं होतं. माझं काम संपल्यावर कुठे राहायचं हे तो ठरवेल, मेलबर्न म्हणाला तर मेलबर्न. सध्या त्याने सीपीएच्या, म्हणजे इथल्या हिशेबनिसांच्या पात्रतेच्या, परीक्षांना बसायचं ठरवलं आहे, आणि अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून गिरणीतल्या रात्रीच्या पाळ्या कमी करून घेतल्या आहेत.