धाकट्याचं ‘हो’

एरंडोलकर आपल्या गावाला महाभारतातली एकचक्रानगरी मानतात. बकासुर मारला गेला ते ठिकाण म्हणून जवळच्या पद्मालयाचं भीमकुंड दाखवतात. या गोष्टीत सगळ्यांना गाडाभर अन्न आणि भीम आठवतो. मला त्याआधीचा प्रसंग मोठा वाटतो. पांडव ज्या घरात उतरले होते, त्या घराची पाळी आलेली. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मी. तेवढ्यात बोबडं बोलणारं धाकटं पोर गवताची काडी उगारून म्हणतं, मी मारतो राक्षसाला. रडणारी माणसं क्षणभर हसतात. त्याचं ‘हो’ कोणी धरत नाही.

कॅन्सर झालेल्या मुलासाठी स्टेम सेलचा दाता शोधताना घरात असाच प्रसंग येतो. तिथे मात्र धाकट्याचं ‘हो’ धरलं जातं.

1983 साली मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाचा बोन मॅरो दिला. देशातल्या अशा प्रत्यारोपणांची सुरुवात तिथून झाली. सख्खं भावंडं पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. भूल देऊन कमरेच्या हाडातून मॅरो काढतात, काही आठवड्यांत तो भरून येतो. धोका कमी, पण शून्य नाही. आणि संमती देतात आईबाप, म्हणजे ज्यांचं दुसरं लेकरू मरणाच्या दारात आहे तेच. दोन्ही पक्षांचा वकील एकच!

रक्ताच्या कॅन्सरमध्ये मला हे मान्य आहे. दात्याच्या पेशी उरलेला कॅन्सर शोधून मारतात, हे सिद्ध झालंय. जुळ्या, अगदी एकसारख्या भावंडाचा मॅरो दिला तर आजार उलटण्याचं प्रमाण उलट जास्त असतं. थोडं परकेपण लागतंच. तेच परकेपण कधी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावरही उलटतं.

गाठीच्या कॅन्सरचं तसं नाही. न्यूरोब्लास्टोमात सहसा मुलाच्याच स्टेम सेल काढून ठेवतात आणि जबर केमोनंतर परत देतात. दात्याच्या पेशी देणं अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे. या गाठीच्या पेशी आपली ओळखखूण लपवतात, त्यामुळे टी पेशी त्यांना ओळखत नाहीत. पण ओळखखूण नसलेल्यांवरच तुटून पडणाऱ्या एनके पेशीही शरीरात असतात, आणि त्यासाठी अर्धा जुळणारा दाता चालतो. म्हणजे आई किंवा बाप. आजार उलटलेल्या मुलांना आईबापाच्या पेशी आणि नंतर अँटिबॉडी दिल्याचा युरोपातला अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला. काही वर्षांनंतरही त्यातली बरीच मुलं जिवंत होती. मात्र तुलनेला दुसरा गट नव्हता.

माझ्या मते इथे प्रश्न अर्धा सुटतो. खात्री नसलेल्या उपचारासाठी द्यायचं, तर ज्याला ‘नाही’ म्हणता येतं त्याने आधी द्यावं. आईबाप देऊ शकत असताना धाकट्याला टेबलावर झोपवू नये.

दोघंही देऊ शकत नसतील तर? आपल्याकडे आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना संशोधनात सात वर्षांपुढच्या मुलाचा होकार वेगळा विचारायला सांगतात. तो घरच्यांनी विचारू नये. आजारी मुलावर उपचार न करणाऱ्या कुणीतरी धाकट्याला एकट्याला बसवून विचारावं. आणि ताई वाचली नाही, तर तुझ्या रक्तात खोट होती असं नाही, हेही त्याला सुई टोचण्याआधीच सांगावं.