तटस्थाचा धर्म

नुसतें पाहणाऱ्या माणसाविषयीं आपल्या भाषेनें दोन परस्परविरुद्ध निकाल देऊन ठेवले आहेत. रस्त्यांत अपघात झाला असतां भोंवतीं जमणारा, मान उंचावून पाहणारा, पण हात न लावणारा जो मनुष्य, त्याला ती ‘बघ्या’ म्हणते, आणि त्या शब्दांत तिरस्कार पुरेपूर भरलेला आहे. उलट संसाराच्या घडामोडींकडे निर्विकार दृष्टीनें पाहणाऱ्याला ती ‘द्रष्टा’, ‘साक्षी’ अशा थोर पदव्या देते. मुंडकोपनिषदांत एकाच वृक्षावर बसलेल्या दोन पक्ष्यांची कल्पना आहे. त्यांतील एक फळ खातो, दुसरा न खातां केवळ पाहतो, आणि थोरवी दुसऱ्याची आहे याविषयीं कोणाही भाष्यकाराला शंका नाहीं. कृति पाहूं गेल्यास बघ्या व द्रष्टा दोघेही कांहींच करीत नाहींत. मग एक निंद्य व दुसरा वंद्य कां?

हा प्रश्न माझ्यापुढें उभा राहिला तो वर्गांत शिकवितांना नव्हे. गेलीं कांहीं वर्षें दिवाळीच्या सुटींत मी रत्नागिरीस जातों, आणि रत्नदुर्गाच्या टोंकावर सकाळचे दोन-तीन तास बसून समुद्रावरून जाणारे पक्षी मोजतों. माझे एक स्नेही, इतिहासाचे प्राध्यापक, हें ऐकून म्हणाले, “पक्ष्यांना त्याचा उपयोग नाहीं, तुम्हांला नाहीं, लोकांना तर नाहींच नाहीं. मग हा वेळ तुम्ही कोणाचा घालवतां?” प्रश्न थट्टेचा होता, परंतु थट्टेचे प्रश्नच पुष्कळदां उत्तर मागत मागें लागतात.

ज्यांनीं हा उद्योग कधीं केला नाहीं त्यांस तो कंटाळवाणा वाटेल, आणि बऱ्याच अंशीं तो तसा आहेही. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हां समुद्रांत जाऊं लागतात; आश्विन लागतां लागतां पाण्याचा गढूळपणा निवतो, पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो आणि क्षितिजाची रेघ पावसाळ्यानंतर प्रथमच स्पष्ट दिसूं लागते. त्या रेघेच्या अलीकडे, पाण्यालगत, कांहीं पांढरे ठिपके एका दिशेनें सरकत असतात. दुर्बिणींतून पाहिलें म्हणजे त्यांतील निम्मे लाटांचा फेस ठरतात. उरलेल्यांत कांहीं सुरय असतात, कांहीं कुरव. अर्धा अर्धा तास कांहींच दिसत नाहीं, मग दहा मिनिटांत चाळीस पक्षी निघून जातात, आणि त्यांपैकीं एकही आपल्याकडे मान वळवून पाहत नाहीं.

इंग्रजींत ज्याला सीगल म्हणतात तो कुरव आपण समुद्राचाच पक्षी समजतों. परंतु त्यांतील तपकिरी डोक्याचा कुरव आपला उन्हाळा काढतो तो लडाख व तिबेट येथील सरोवरांवर. लडाखमधील त्सो मोरीरी हें सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचार हजार मीटर उंचीवर आहे. तेथें त्याचीं घरटीं, तेथेंच त्याचीं पिलें. आणि ज्या तपकिरी डोक्यावरून त्याचें नांव पडलें तें डोकेंही तेथलेंच. आपल्याकडे हिवाळा काढतांना तो रंग उरलेला नसतो. डोळ्यामागें एक काळसर ठिपका तेवढा राहतो. आपल्या नांवाचा पुरावा मागें ठेवून आलेला असा हा प्रवासी आहे. त्याच्या शेजारीं तरंगणारा, अंगानें मोठा व करड्या पाठीचा दुसरा कुरव तर उत्तर रशियाच्या टुंड्रा प्रदेशांतून आलेला असतो. आपण दोघांनाही पाहुणे म्हणतों. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, असा अर्थ आपल्याकडे सांगतात. यांची तिथि तर ऋतुमानानें बांधलेली आहे. आणि वर्षाचा निम्मा काळ जे ज्या घरांत काढतात ते त्या घरचे पाहुणे कसे, हा प्रश्न मी वाचकांवरच सोंपवतों.

मुंबईच्या लोकांना हेच कुरव फार जवळून परिचित आहेत. गेटवेहून मांडव्याला किंवा घारापुरीला जाणाऱ्या लाँचीमागें हिवाळ्यांत त्यांचा थवा लागतो, कारण उतारू त्यांना शेव, गांठिया, बटाट्याचे तळलेले काप टाकतात. पक्षी हवेंतल्या हवेंत घास झेलतो, मुलें टाळ्या पिटतात, आणि वडील माणसें मुलांच्या आनंदानें सुखावतात. हा प्रकार थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. कावळ्याला घास ठेवणारा, मुंग्यांच्या वारुळावर साखर टाकणारा आपला समाज आहे; भुकेल्या जीवाला अन्न देणें हें पुण्य आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकत आलों आहों. तळलेले खारे पदार्थ हें या पक्ष्याचें अन्न नव्हे असें जाणते सांगतात, व तें खरेंच आहे. पण कुरव हा कांहीं सोंवळा पक्षी नव्हे. मासळी सुकविण्याच्या जागीं, बंदरांतील उकिरड्यावर, ट्रॉलरच्या मागें तो आपल्या पोटाची सोय सगळ्या जगभर करीतच असतो. तेव्हां अपायाचा मुद्दा मी येथें बाजूस ठेवतों. मला लाँचीवर जें खटकतें तें निराळें आहे. तेथें पक्षी दिसत नाहीं. दिसतो तो आपला हात. हिमालयापलीकडून आलेला जीव आपल्या मुठीपर्यंत पोंचला कीं त्याचा सगळा प्रवास आपल्या दातृत्वाची पावती होऊन बसतो. शेव संपते, थवा मागें राहतो, लोक बांकावर येऊन बसतात; आणि पुढच्या अर्ध्या तासांत समुद्राकडे कोणी पाहत नाहीं.

टोंकावर बसणाऱ्या माणसापासून पक्षी कांहीं घेत नाहीं व त्याला कांहीं देतही नाहीं. ‘तटस्थ’ या शब्दाचा मूळ अर्थच मुळीं तटावर असलेला. आज आपण तो शब्द राजकारणांत व भाऊबंदकींत वापरतों, आणि बहुधा त्यांत भित्रेपणाचा वास येतो. पण तो जन्मला किनाऱ्यावर. तटस्थाची थोरवी त्याच्या निरिच्छपणांत आहे, त्याला कांहीं नको म्हणून त्याला खरें दिसतें, असें स्नेह्यांना सांगून मी मोकळा झालों असतों. पण त्याच किनाऱ्यावर या उत्तराला एक अडचण भेटली.

भगवती बंदराकडे उतरण्याच्या वाटेवर जाळें सांधीत बसलेला एक वृद्ध मासेमार मला ओळखूं लागला होता. एकदां मला थांबवून त्यानें दूरवर बोट दाखविलें. मला पाण्याशिवाय कांहीं दिसेना. दुर्बीण लावल्यावर सुरयांचा एक घोळका पाण्यांत सूर मारतांना दिसला. तो म्हणाला, “मास्तर, तुम्ही पाखरं मोजतां, आम्हांला पाखरांखालचं बघावं लागतं.” सुरय सूर मारतात तेथें लहान मासळीचा थवा असतो, आणि लहान मासळीमागें मोठी मासळी असण्याचा संभव असतो. म्हणजे या मनुष्याची इच्छा अगदीं उघड होती, त्याचें पोटच तीवर होतें, आणि तरीही, किंबहुना त्यामुळेंच, नुसत्या डोळ्यांनीं त्याला माझ्याआधीं दिसलें. उपनिषदांतील वृक्षावर जो फळ खातो तोच दूरचें पाहतो, असें म्हणण्याची येथें पाळी येते.

मात्र थोडा विचार केला म्हणजे या दोन प्रकारच्या इच्छांतील भेद ध्यानांत येतो. मासेमाराला मासळी हवी असते, परंतु सुरयांनीं अमुकच सांगावें अशी त्याची इच्छा नसते. जेथें पक्षी नाहींत तेथें ते आहेत अशी समजूत करून घेणें त्याला परवडणारें नाहीं. तशी समजूत केली तर डिझेल फुकट जातें आणि होडी रिकामी परतते. लाँचीवरच्या उतारूला गरज कसलीच नसते, परंतु त्याचें उत्तर आधींच ठरलेलें असतें: पक्ष्यानें आलेंच पाहिजे व घास झेललाच पाहिजे. तेव्हां तटस्थपणा म्हणजे गरज नसणें नव्हे. उत्तराविषयीं हट्ट नसणें, हा त्याचा अर्थ मला अधिक खरा वाटतो. आणि या अर्थानें तो जाळें सांधणारा म्हातारा मजहून कमी तटस्थ नव्हता.

हा हट्ट किती सूक्ष्म असूं शकतो याचें उदाहरण पक्षिनिरीक्षणाच्या इतिहासांतच सांपडतें. जर्मनीच्या किनाऱ्यापासून दूर, उत्तर समुद्रांत, हेलिगोलंड नांवाचें एक चिमुकलें बेट आहे. हाइन्रिख गेट्के नांवाचा तरुण चित्रकार १८३७ सालीं तेथें गेला, तेथलाच झाला, आणि पन्नास वर्षांच्या आसपास त्यानें बेटावरून जाणाऱ्या पक्ष्यांकडे लक्ष ठेविलें. मध्यंतरीं १८९० सालीं इंग्रजांनीं तें बेट जर्मनीला दिलें व जर्मनीनें झांजिबारवरील आपला हक्क सोडला. पक्ष्यांची वाट त्यामुळें बदलली नाहीं. १८९१ सालीं गेट्केचा ग्रंथ निघाला. इतक्या चिकाटीनें पाहणारे जगांत थोडे. तथापि ब्लूथ्रोट नांवाचा एक चिमणीएवढा पक्षी आफ्रिकेहून हेलिगोलंडपर्यंत एका रात्रींत येतो, असा सिद्धांत त्यानें मांडला, आणि तो पुढें टिकला नाहीं. त्याला द्रव्याचा लोभ नव्हता. परंतु पक्ष्यांचें उड्डाण अद्भुत ठरावें असें त्याला फार वाटत असावें, असें त्या सिद्धांतावरून माझें अनुमान आहे. गंमत अशी कीं अद्भुत खरोखरच होतें, पण दुसऱ्या ठिकाणीं. २०२२ सालीं अलास्कांत अंगावर लहानसें यंत्र बसविलेला गॉडविट जातीचा एक पक्षी, वयानें अवघा पांच महिन्यांचा, वाटेंत कोठेंही न उतरतां अकरा दिवसांत १३,५६० किलोमीटर जाऊन तास्मानियांत पोंचला. नवल वेगाचें नव्हतें, दमाचें होतें.

गेट्केनें आपल्या संग्रहासाठीं पक्षी मारलेही, तो त्या काळचा रिवाज होता. बंदुकीच्या उल्लेखावरून दुसरी एक हकीकत आठवते, आणि ती बघ्याच्या प्रश्नाशीं थेट भिडते. इंग्लंडांत यॉर्कशायरच्या फ्लॅम्बरो येथील कड्यांवर हजारों समुद्रपक्षी घरटीं करतात. गेल्या शतकाच्या मागच्या शतकांत शिकारी लोक होड्यांत बसून तेथें जात आणि विणीच्या दिवसांतच नेमबाजीची हौस भागवीत. बायकांच्या टोप्यांत खोंवण्याकरितां पिसांनाही मागणी होती. मारलेल्या पक्ष्यांचीं पिलें घरट्यांत उपाशी मरत. हें पाहणारे पुष्कळ होते. १८६८ सालीं केंब्रिजचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक आल्फ्रेड न्यूटन यांनीं ब्रिटिश असोसिएशनच्या सभेंत त्याविरुद्ध आवाज उठविला, आणि १८६९ सालीं पार्लमेंटानें समुद्रपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला. १ एप्रिल ते १ ऑगस्ट या काळांत त्यांना मारण्यास मनाई झाली. त्या चळवळींतील एक युक्तिवाद असा होता, कीं धुक्यांत या पक्ष्यांचा कलकलाट ऐकून नाविकांना कडा जवळ आल्याचें समजतें, सबब पक्षी जगले पाहिजेत. दया एकटी कायद्यापर्यंत चालत जात नाहीं, तिला उपयोगाची काठी लागते. आपल्याकडेही याहून निराळें दिसत नसल्यामुळें इंग्रजांना हंसण्याचें कारण नाहीं.

‘साक्षी’ या शब्दाचें एक घर वेदान्तांत आहे, तसें दुसरें कोर्टांत आहे. वेदान्तांतला साक्षी मौन धरतो. कोर्टांतल्या साक्षीदारावर बोलण्याचें बंधन असतें. हे दोन अर्थ केवळ योगायोगानें एका शब्दांत नांदतात असें मला वाटत नाहीं. खटल्याच्या निकालांत ज्याचा स्वार्थ आहे त्याची साक्ष न्यायाधीश जपूनच घेतो. म्हणजे कोर्टांत बोलण्याचा अधिकार वेदान्तांतल्या मौनांतूनच उत्पन्न होतो. आणि अधिकार आला कीं कर्तव्य आलेंच. फ्लॅम्बरोच्या कड्याखालीं जे पाहत होते त्यांतील बघे कोण व साक्षी कोण हें पाहण्याच्या क्षणीं कोणालाच सांगतां आलें नसतें. बोलण्याची वेळ आली तेव्हां तें ठरलें.

याच प्रकारची एक अलीकडची गोष्ट आहे. ग्रेट स्कुआ हा स्कॉटलंडच्या बेटांवर वीण करणारा व शरदांत अटलांटिकच्या वाटेनें दक्षिणेकडे जाणारा दांडगा समुद्रपक्षी. २०२१ व २०२२ सालीं त्याच्यावर बर्ड फ्लूची सांथ आली. २०२३ सालीं पुन्हां मोजणी केली तेव्हां ब्रिटनमध्यें त्याची संख्या ७६ टक्क्यांनीं घटल्याचें आढळलें. ‘पुष्कळ मेले’ असें कोणीही म्हटलें असतें. ७६ असें म्हणतां आलें याचें कारण हें, कीं सांथीची कल्पनाही नसतांना कोणीतरी तींच बेटें पायांखालीं घालून पक्षी मोजून ठेविले होते. त्यांना सांथ सिद्ध करावयाची नव्हती; म्हणूनच त्यांची मोजणी पुरावा झाली.

येथें माझे स्नेही जिंकल्यासारखे हंसतील. शेवटीं मीं उपयोगच दाखविला, असें म्हणतील. परंतु साक्ष हें पाहण्याचें फळ असूं शकतें, तो पाहण्याचा हेतु होऊं शकत नाहीं. उद्यां साक्ष देतां यावी म्हणून जो आज मोजायला बसेल, त्याच्या वहींत त्याच्या नकळत खटल्याला सोईचे आंकडे उतरूं लागतील, गेट्केच्या मनांत अद्भुत उतरलें तसेच. वेळ कोणाचा घालवतां, या प्रश्नाचें खरें उत्तर मजपाशीं एवढेंच आहे, कीं तो पक्ष्यांचा आहे, आणि त्यांनीं तो मागितलेला नाहीं.

या कामांत सर्वांत अवघड नोंद शून्याची. एका कार्तिकांत एके सकाळीं पावणेतीन तासांत समुद्रावरून एकही पक्षी गेला नाहीं. लाँचीवरील उतारूला असा दिवस नसतो. पक्षी आले नाहींत तर शेव मुलें खाऊन टाकतात. मासेमार अशा दिवशीं होडी दुसरीकडे वळवतो. मीं तारीख लिहिली, वाऱ्याची दिशा लिहिली, समुद्र शांत असल्याचें लिहिलें, पुढच्या रकान्यांत शून्य घातलें आणि खालीं उतरलों.