गळ टाकणाऱ्याचे देणे

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगर या सरकारी वसाहतीतून आयएनए मार्केट पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे बर्फावर मांडलेले पापलेट आणि सुरमई विकत घेणाऱ्यांत मराठी सरकारी नोकरांची घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. समुद्र इथून हजारभर किलोमीटर दूर असला तरी त्याचा निम्मा कारभार याच शहरातून चालतो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मासेमारी हा राज्य सूचीतला विषय आहे (नोंद २१), पण प्रादेशिक जलक्षेत्रापलीकडची मासेमारी संघ सूचीत येते (नोंद ५७). म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत मुंबईचे राज्य आणि तिथून २०० मैलांपर्यंत दिल्लीचे. त्यामुळे समुद्रात कोणी, कसे आणि किती मासे मारावेत हा प्रश्न कोकणाइतकाच या वसाहतीतल्या माणसांचाही आहे.

या सगळ्या कारभारात एक माणूस कुठेच सापडत नाही. तो म्हणजे हौसेने गळ टाकणारा. कोकणात गरवणे जुनेच आहे. भरतीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी किंवा कातळावर बसून गरीला कोळंबी लावायची आणि घरच्या कालवणापुरते मासे आणायचे, ही गावातल्या माणसाची सवय. गेल्या काही वर्षांत त्याच्या शेजारी दुसरा माणूस येऊन उभा राहिला आहे. त्याच्या हातात रॉड आणि रील असते, पेटीत रंगीत ल्यूअर म्हणजे कृत्रिम आमिषे असतात. तो मुंबई-पुण्याहून येतो, कधी दिल्लीहून मे महिन्याच्या सुट्टीत गावी आलेला असतो. भाड्याने होडी घेतो, मोठा मासा लागला की फोटो काढतो. पोटासाठी त्याला मासा लागत नाही, छंदासाठी लागतो. समुद्राच्या व्यवस्थापनात आणि किनाऱ्याच्या रक्षणात या माणसाची जागा कोणती? माझे उत्तर असे: त्याला जागा जरूर आहे, पण ती हक्कदाराची असण्याआधी देणेकऱ्याची आहे. त्याने आधी शिस्त, नोंदी आणि पैसा द्यावा, मगच मत मांडावे.

आज कायदा त्याच्याकडे पाहत नाही. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे आणि २०२१ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. पण त्याची सारी रचना नौका आणि जाळी यांच्याभोवती आहे. परवाना नौकेला, दंड नौकेच्या मालकाला. कातळावर उभ्या असलेल्या माणसाला त्यात जागाच नाही. मोजणीतही तो नाही. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था देशभरातल्या मासळी उतरवण्याच्या केंद्रांवर नमुना पद्धतीने नोंदी घेते आणि त्यावरून वर्षाचे उत्पादन काढते. हौशी माणसाचा मासा बंदरावर उतरतच नाही, तो थेट गाडीच्या डिकीतून घरी जातो.

यावर कोणीही म्हणेल की ट्रॉलर आणि पर्ससीन जिथे टनांनी मासळी ओढतात, तिथे गळाच्या चार माशांचा हिशेब कशाला? वजनाच्या दृष्टीने हे बरोबर आहे. पण गळ वजनाने काम करत नाही, निवडीने करतो. हौशी माणसाला हवा असतो तो जिताडा, तांबोशी, गोबरा, घोळ, आणि त्यातलाही सर्वांत मोठा. इथे माशांचे जीवशास्त्र आड येते. जिताडा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि पुढे वाढल्यावर त्याची मादी होते. म्हणून खाडीतला सर्वांत मोठा जिताडा ही बहुधा अंड्यांनी समृद्ध मादी असते. पावसाळ्याच्या सुमारास ती खाडीच्या तोंडाशी येते, आणि गळवालाही तिथेच उभा असतो. गोबऱ्याचे नेमके उलट आहे. तो आधी मादी असतो आणि मोठेपणी नर होतो. एखाद्या खडकाळ भागातले मोठे गोबरे एकामागून एक काढले तर तिथे नरच उरत नाहीत. फोटोतला तो मोठा मासा एका छोट्या खाडीच्या पुढच्या पिढ्यांचा हिशेब बिघडवू शकतो. म्हणून थोडे मासे म्हणजे थोडे नुकसान, हे समीकरण इथे चालत नाही.

याच ठिकाणी हौशी माणसाचे सामर्थ्यही आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेटसाठी १३५ मिलिमीटर, घोळीसाठी ७०० मिलिमीटर. त्याहून लहान मासा पकडू नये, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षी पापलेटला राज्य माशाचा दर्जाही मिळाला. जाळे ओढणाऱ्याला हा नियम पाळणे खरेच कठीण जाते. जाळ्यात मासे एकत्र येतात, वर येईपर्यंत बरेचसे मेलेले असतात, आणि डिझेलचा खर्च भागवायचा असतो. गळवाल्याच्या हातात एका वेळी एकच मासा असतो आणि बहुतेकदा तो जिवंत असतो. पट्टी लावून मोजायला अर्धे मिनिट पुरते. ओल्या हाताने धरला, काटा नसलेला गळ वापरला आणि लगेच पाण्यात सोडला, तर उथळ पाण्यातला मासा जगण्याची शक्यता चांगली असते. खोल पाण्यातून झटकन वर ओढलेल्या गोबऱ्याचे तसे नसते. दाब उतरल्याने त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते आणि वरवर जिवंत दिसणारा मासा नंतर मरतो. म्हणून सोडून देण्यासाठी मासे पकडायचे असतील तर खोल खडकांवर जाऊ नये, इतका विवेक हवा. किमान आकाराचा नियम सर्वांत सहज पाळू शकणारा माणूस गळवालाच आहे. त्याने तो पाळला नाही, तर पोटासाठी दर्यात जाणाऱ्याला पाळायला सांगण्याचा अधिकार कुणालाच उरत नाही.

जगात इतरत्र हौशी मासेमार फार आधीपासून संघटित आहेत. अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर रेडफिशची संख्या घसरू लागली तेव्हा १९७७ मध्ये ह्यूस्टनमधल्या काही गळवाल्यांनी एक संघटना काढली. पुढे ती कोस्टल कन्झर्व्हेशन असोसिएशन या नावाने देशभर पसरली. १९८१ मध्ये टेक्सासने रेडफिशची व्यापारी विक्री बंद केली, त्यामागे तिचा जोर होता. त्याहूनही आधी, १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने मासेमारीच्या सामानावरचा कर थेट मत्स्यसंवर्धनासाठी राज्यांकडे वळवला. रॉड विकत घेणारा प्रत्येक जण माशांच्या भल्यासाठी काही पैसे देतो, ही कल्पना तिथे सत्तर वर्षांहून जुनी आहे. समुद्रातल्या हौशी मासेमारांची पद्धतशीर पाहणीही तिथे १९७९ पासून होत आली आहे. त्यात चुका झाल्या, वाद झाले, पद्धत बदलावी लागली, पण मोजणी थांबली नाही.

या तिन्ही गोष्टींतून आपण शिकावे. पण अमेरिकेच्या कथेला दुसरी बाजूही आहे. १९९४ मध्ये फ्लोरिडात जनमत घेऊन राज्यघटनेतच किनाऱ्याजवळच्या गिल जाळ्यांवर बंदी घातली गेली. १९९५ पासून ती लागू झाली. मोहिमेला हौशी मासेमारांच्या संघटनांचा पाठिंबा होता आणि मतदानात त्यांचा मोठा विजय झाला. हरली ती पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकणारी छोटी कुटुंबे. कुणाची जाळी सरकारने विकत घेतली, कुणी शिंपल्यांच्या शेतीकडे वळले, कुणी धंदाच सोडला. छंदाची बाजू घेणाऱ्यांची संख्या आणि पैसा जास्त असेल तर संवर्धनाच्या नावाखाली पोट भरणाऱ्याला हटवणे किती सोपे असते, हे त्यातून दिसले.

महाराष्ट्र-गोव्यात हे घडू देता कामा नये. आपल्याकडचा सागरी मासेमारीचा कायदा मुळात छोट्या मच्छीमारांच्या लढ्यातून आला आहे. सत्तरच्या दशकात गोव्याचे रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून रापण ओढणारे पारंपरिक मच्छीमार, ट्रॉलरविरुद्ध उभे राहिले. माथानी साल्ढाणा यांच्यासारख्यांनी त्यांचे नेतृत्व केले आणि त्या आंदोलनाचे लोण देशभर पोहोचले. गोव्याचा कायदा १९८० चा आहे, महाराष्ट्राचा त्यानंतरच्या वर्षीचा. पारंपरिक होड्यांनी मासेमारी करणाऱ्यांच्या हिताचे रक्षण हा त्या कायद्यांचा एक स्पष्ट हेतू आहे. कोळी, गाबीत, दालदी, खारवी या समाजांचे दर्यावरचे नाते कुठल्याही नोंदवहीपेक्षा जुने आहे. हौशी माणसाला या व्यवस्थेत यायचे असेल तर या हेतूच्या आत राहूनच यावे लागेल.

लोकांना बाजूला सारून केलेले संवर्धन टिकत नाही, हेही आपण पाहिले आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले, पण स्थानिक मच्छीमारांचा विश्वास संपादन न झाल्याने ते बराच काळ कागदावरच राहिले. त्याउलट कोकणातल्या वेळास गावी २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला बरोबर घेऊन कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. तो प्रयोग पुढे कोकणातल्या इतर गावांत गेला. २०१८ च्या अखेरीस राज्य सरकारने आणखी एक चांगली योजना आणली: जाळ्यात सापडलेले कासव, देवमासा किंवा बहिरी मासा सोडण्यासाठी जाळे कापावे लागले तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. त्या योजनेखाली अनेक मच्छीमारांनी स्वतःची जाळी कापून प्राणी सोडले. ज्याच्या घरची चूल जाळ्यावर पेटते तो जाळे कापत असेल, तर ज्याचा फक्त रविवार पणाला लागलेला आहे त्याने काय करावे, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून माझ्या मते काही गोष्टी एका ठरावीक क्रमाने व्हायला हव्यात. पहिली, नोंदणी. रॉड-रील घेऊन समुद्रावर वा खाडीत हौसेने मासेमारी करणाऱ्याने वर्षाला थोडे शुल्क भरून नाव नोंदवावे. गावात राहून गरीने घरापुरते मासे काढणाऱ्याला यातून पूर्ण सूट असावी, कारण त्याचा मासा हा त्याचा आहार आहे. जमा होणारे पैसे सरकारी तिजोरीत बुडू न देता त्या त्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार सहकारी संस्थांकडे खाडी आणि कांदळवन राखण्याच्या कामासाठी जावेत. दुसरी, मर्यादा. ५४ जातींचे किमान आकार गळवाल्यांनाही लागू असावेत, आणि जिताडा व गोबरा यांच्यासाठी कमाल आकारही ठरावा, म्हणजे मोठे मासे सोडून दिले जातील. दिवसाला किती मासे घरी न्यायचे याला आकडा असावा. हौशी माशाची विक्री पूर्ण बंद असावी, कारण मासा विकला की तो कोळणीच्या टोपलीशी स्पर्धा करू लागतो. तिसरी, बंदीचे दिवस. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौका किनाऱ्याला लागलेल्या असतात. त्या काळात खाड्यांच्या तोंडाशी अंडी टाकायला येणाऱ्या माशांवर हौशी गळही पडू नये.

चौथी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते: नोंदी. कोणत्या तारखेला, कोणत्या खाडीत, किती लांबीचा कोणता मासा लागला आणि सोडला की ठेवला, एवढे पाच रकाने. दहा वर्षे शेकडो जणांनी ते प्रामाणिकपणे भरले तर जिताड्याची लांबी घटते आहे का, एखाद्या खाडीतून तांबोशी नाहीशी झाली का, पिल्ले कोणत्या महिन्यात दिसतात, हे कळू शकेल. बंदरावरच्या मोजणीतून ही माहिती मिळत नाही, कारण या खाड्यांत मोठ्या नौका जातच नाहीत. कातळावर भरतीच्या अनेक वेळा घालवणारा माणूस आणखीही पाहतो: कांदळवनात टाकलेला भराव, कारखान्याचे रंगलेले पाणी, किनाऱ्याजवळ लखलखणारे एलईडी दिवे. केंद्राने २०१७ मध्ये अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे २०० मैलांपर्यंतच्या आपल्या अखत्यारीत, असे दिवे वापरून मासेमारी करण्यावर बंदी घातली, राज्याने दंड वाढवले. पण बंदी पाळली जाते का हे पाहणारे डोळे कमी पडतात. छोट्या मच्छीमाराने तक्रार केली तर त्याला बंदरातच वैर पत्करावे लागते. बाहेरून आलेल्या, शिकलेल्या, अर्ज-अपिलांची भाषा जाणणाऱ्या हौशी माणसाला तेवढे भय नसते. त्याने त्या मच्छीमाराच्या मागे उभे राहावे.

लक्ष्मीबाई नगरसारख्या वसाहतींचा संबंध इथे येतो. अधिसूचना वाचता येणारी, कोणते पत्र कोणत्या टेबलावर जाते हे ठाऊक असलेली ही माणसे. त्यांच्यातल्या ज्यांना गावच्या खाडीचे वेड आहे, त्यांनी ते वेड केंद्राच्या मत्स्यव्यवसाय विभागापर्यंत न्यावे. आणि ज्यांना वेड नाही, त्यांनी बाजारात हाताएवढेही न भरणारे पापलेट स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. लहान माशाला गिऱ्हाईकच नसेल तर आकाराच्या नियमाला बळ मिळते.

सल्लागार समितीतली खुर्ची या सगळ्यानंतर येते. काही वर्षांच्या नोंदी हाती असल्या, शुल्कातून एखाद्या खाडीचे काही भले झालेले दिसले, आणि तिथल्या मच्छीमार संस्थेने स्वतःहून हौशी मंडळींना बोलावले, तर त्यांनी जरूर बसावे आणि बोलावे. त्याआधी खुर्ची मागितली तर ती फ्लोरिडाच्या वाटेवरची पहिली पायरी ठरेल. दर्याच्या कारभारात पहिली रांग दर्यावर जगणाऱ्यांची आहे. हौसेने येणाऱ्याची जागा त्यांच्या मागे आहे, आणि तिथून करण्यासारखे काम पुष्कळ आहे.