आज्ञा आली, मग मायेचं काय?

मागच्या अंकात धर्मभगिनींच्या तीन व्रतांचा ओझरता उल्लेख झाला होता. त्यातल्या दारिद्र्याबद्दल कुणी काही विचारलं नाही, ब्रह्मचर्याबद्दलही नाही. आलेली सगळी पत्रं आज्ञापालनावर आहेत. जागेअभावी पाचच घेतली आहेत. नावं वगळली आहेत.

शंका : माझी मुलगी सिस्टर आहे. कुरखेड्याकडच्या एका वसतिगृहात ती गोंड मुलींसोबत चार वर्षं राहिली. त्यांची बोली शिकली, त्यांच्या तापात रात्ररात्र उशाशी बसली. यंदा शाळा उघडायच्या तोंडावर बदलीचं पत्र आलं, ते शहरातल्या शाळेच्या ऑफिसात. ती एवढंच म्हणाली, "आज्ञा आहे, आई." माह्या पोरीनं काय चूक केली म्हणून तिले तिथून उठवलं? आणि जीव लावलेल्या लेकरांना टाकून जाणं, हे कोणतं प्रेम? — एक आई, मूल तालुका

समाधान : बाई, चूक काही नसावी. आपल्याकडे बदली म्हटली की शिक्षाच डोळ्यांपुढे येते. नागपूर-पुण्याच्या कर्मचाऱ्याला गडचिरोलीची ऑर्डर आली की घरात सुतक पडल्यासारखं होतं. तुमच्या घरी मात्र गडचिरोली सुटली म्हणून जीव तुटतो आहे. यातच तिची चार वर्षं कशी गेली ते कळतं.

आता आज्ञेचं. तुमच्या आमच्या भागात हे मिशन आलं तेच मुळी आज्ञेनं. 31 मार्च 1962 रोजी पोप योहान तेविसावे यांनी चांद्याचा (आजच्या चंद्रपूरचा) प्रदेश केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे सोपवला. केरळबाहेर त्या चर्चला मिळालेलं हे पहिलं मिशनक्षेत्र. जबाबदारी आली सीएमआय या कार्मेलाईट संघाच्या फादरांवर. नारळाच्या बागांतून आणि पाण्याच्या देशातून ही माणसं सागाच्या रानात उतरली. इथे मराठी, सिरोंच्याकडे तेलुगू, भामरागडकडे माडिया. मल्याळम कुणालाच कळत नव्हती. चांदा त्यांनी स्वतः निवडलं नव्हतं, त्यांना पाठवलं गेलं होतं. गडचिरोली हा वेगळा जिल्हा व्हायला तेव्हा आणखी वीस वर्षं होती. त्यांच्यापैकी प्रत्येकानं "मला इथंच ठेवा" म्हटलं असतं, तर तुमच्या मुलीला ते वसतिगृह मिळालंच नसतं.

या संघाची मुळं 1831 साली मान्नानम इथे रुजली. 8 डिसेंबर 1855 रोजी कुरियाकोस एलियास चावरा आणि त्यांचे दहा सोबती यांनी व्रतं घेतली. चावरांना 2014 मध्ये संतपद मिळालं. आयुष्यभर पत्रांतून ते आपल्या माणसांना बजावत राहिले ते दोन गोष्टींबद्दल : आज्ञापालन आणि आपसातली माया. ते या दोन्ही एका दमात सांगत, कारण मायेवाचून पाळलेली आज्ञा कोरडी पडते, हे मठात राहणाऱ्याला लवकरच कळतं.

पण बाई, माझं उत्तर इथे थांबलं तर ते अर्धवट राहील. बदल्या करण्याचं कारण योग्य आहे : कुणी कामाचा मालक होऊ नये, मुलं एकाच माणसावर विसंबू नयेत. मात्र जंगलात हे गणित शहरासारखं चालत नाही. गोंडी किंवा माडिया कानात बसायलाच दोन-तीन वर्षं जातात. मुली मनातलं बोलू लागल्या, की नेमकं तेव्हाच पत्र येतं. अशी बदली करणाऱ्या वरिष्ठांना मी स्पष्ट सांगेन की ही कागदाची सोय आहे, यात प्रेम नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 28 ऑक्टोबर 1965 च्या आदेशात वरिष्ठांना सेवाभावानं अधिकार चालवायला आणि आपल्या माणसांचं मनापासून ऐकून घ्यायला सांगितलं आहे. तुमच्या मुलीला बदलीआधी कुणी काही विचारलं का? नसेल, तर पहिली चूक वरिष्ठांची.

तिनं आता काय करावं? मदर तेरेसांकडे बघा. गरिबांत जाऊन राहण्याची हाक त्यांना सप्टेंबर 1946 मध्ये आली. चार महिन्यांनी, जानेवारी 1947 मध्ये, त्यांची बदली कोलकात्याहून आसनसोलला झाली. त्या मुकाट गेल्या, पण गप्प बसल्या नाहीत. तिथून त्यांनी आर्चबिशपांना पत्रांमागून पत्रं लिहिली. रोमनं परवानगी दिली तेव्हा 1948 चा एप्रिल उजाडला होता. बदलीच्या गावी जाणं आणि परतीचा अर्ज लिहीत राहणं, दोन्ही एकाच वेळी करता येतं. तुमच्या मुलीला सांगा, लिही. आणि त्या मुलींनाही पत्र टाकत जा म्हणावं, त्याला कुठल्याच नियमाची आडकाठी नाही.

शंका : मी धानोरा तालुक्यात शिक्षक आहे, ख्रिस्ती नाही. आमच्याकडे ग्रामसभेत एकाचाही विरोध असला तर निर्णय होत नाही. तुमच्यात मात्र शिकलेली माणसं वरिष्ठापुढं प्रेतासारखी होतात, असं वाचलं. स्वतःची अक्कल गहाण टाकण्यात कसली भक्ती?

समाधान : गुरुजी, प्रेताची उपमा खरी आहे, जेझुइट संघ काढणाऱ्या इग्नेशियस लोयोलांच्या नियमावलीत ती आहे. मला ती कधीच आवडली नाही. पण त्याच इग्नेशियसनं 1553 साली पोर्तुगालच्या जेझुइटांना आज्ञापालनावर जे मोठं पत्र लिहिलं, त्यात अशीही सोय ठेवली की तुमचं मत वेगळं असेल आणि प्रार्थनेनंतरही ते तसंच राहिलं, तर वरिष्ठांपुढे मांडा. लोकांच्या ध्यानात प्रेत राहिलं, ही सोय विसरली गेली.

तुमचा रोख मेंढा-लेखाकडे आहे, हे उघड आहे. 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारं आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार स्वतःच्या हाती घेणारं गाव. तिथे बहुमत चालत नाही, सर्वांची संमती लागते. पण एकदा सभेनं ठरवलं की कुणी किती बांबू तोडायचा हे घरटी पाळावं लागतं. तेही आज्ञापालनच. फरक इतकाच, की तिथे आज्ञा देणाऱ्यात पाळणाराही असतो.

संत बेनेडिक्टनं सहाव्या शतकात मठाचे नियम लिहिले. महत्त्वाच्या प्रश्नावर सगळ्यांना बोलवा, तरुणांनाही बोलवा, कारण देव पुष्कळदा धाकट्याच्या तोंडून बोलतो, असं त्यात आहे. शेवटचा शब्द मात्र मठाधिपतीचा. तो शब्द एका माणसाकडे असण्यात धोका आहे, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. म्हणूनच बहुतेक संघांत सर्वोच्च वरिष्ठ निवडून येतात आणि ठरावीक मुदतीनं पायउतार होतात. तरीही स्पष्ट सांगतो : ऐकून घेण्याच्या बाबतीत गडचिरोलीतल्या मिशनला मेंढ्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे. आपल्या फादर-सिस्टरांनी वर्षातून एकदा तरी अशा एखाद्या ग्रामसभेत मागे बसून यावं. बोलू नये, नुसतं ऐकावं.

शंका : सांगितलेलं काम मी करते, पण मनात चरफडत. असं आज्ञापालन देवाला चालतं का? — एक नवव्रती

समाधान : बेनेडिक्ट म्हणतो, चालत नाही. पण त्याच्याच नियमावलीचं अडुसष्टावं प्रकरण तुमच्यासाठी आहे. झेपणार नाही असं काम आलं तर योग्य वेळ पाहून, न भांडता, वरिष्ठांना अडचण सांगा. तरी त्यांनी तेच ठरवलं, तर देवाच्या मदतीवर भरवसा ठेवून प्रेमानं करा. स्वयंपाकघरात भांडी आपटून कुणालाच काही कळत नाही.

शंका : मी माडिया आहे, भामरागड तालुक्यातला. दोन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला. बाबा म्हणतात, पंडुमच्या सणाला घरी हजर राहा, तू थोरला आहेस. प्रार्थनेच्या गटातले म्हणतात, गेलास तर तुझा विश्वास गेला. बापाची आज्ञा पाळू की देवाची?

समाधान : बाळा, आईबापांचा मान राख ही देवाचीच आज्ञा आहे, दहांतली चौथी. त्यामुळे गटातल्यांनी तुझ्यापुढे उभा केलेला पेच जितका वाटतो तितका खरा नाही.

जुन्या करारात नामान नावाच्या सेनापतीची गोष्ट आहे. बरा झाल्यावर तो इस्राएलच्या देवाला मानू लागला. पण त्याची एक अडचण होती : राजा रिम्मोनच्या देवळात जातो, माझ्या हातावर भार टाकून वाकतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, याची क्षमा होईल का? अलीशा संदेष्ट्यानं त्याला प्रवचन झोडलं नाही. शांतीनं जा, एवढंच म्हणाला.

तुझ्या बाबांनी तर तुला वाकायलाही सांगितलेलं नाही. घरी ये, म्हणाले. तेव्हा जा. लाकडं आण, पाणी भर, म्हाताऱ्यांजवळ बस, जेव. वाढलेलं खा, उगाच चौकशा करू नका, असा सल्ला पौलानं करिंथच्या मंडळीला दिला होता. स्वतःच्या हातानं पूजा देण्याचा प्रसंग येणार असेल आणि मन घेत नसेल, तर आदल्या दिवशी बाबांना एकट्याला गाठून सांग. गावचा पुजारी पेरमा आणि सारं गाव बसलेलं असताना नकार देऊन बापाची मान खाली घालू नकोस.

तुझ्या गटालाही एक सांग. वर ज्या 28 ऑक्टोबर 1965 चा उल्लेख आला, त्याच दिवशी परिषदेनं दुसरंही एक पत्रक काढलं. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही, असं त्यात म्हटलं आहे. पेरणीआधी बियाणाला हात जोडणाऱ्या माणसांत पवित्र काहीच नाही, असं म्हणायची मला तरी हिंमत होत नाही.

शंका : मी एका वसतिगृहात सिस्टर आहे. बाहेरून येणारा एक माणूस आपल्याशी घाणेरडं वागतो, असं एका मुलीनं मला सांगितलं. मी वरिष्ठांना सांगितलं. त्या म्हणाल्या, चौकशी आपण आत करू, बाहेर बोलायचं नाही, ही आज्ञा समज. व्रत मोडलं तर पाप लागेल का?

समाधान : या सिस्टरांना उत्तर पत्र आलं त्याच दिवशी फोनवर दिलं आहे. इथे छापतो आहे ते बाकीच्यांसाठी.

पाप लागणार नाही. उलट गप्प राहिलात तर लागेल. संत थॉमस अक्विनास आज्ञापालनाचे तीन प्रकार सांगतो. तिसरा प्रकार अविचारी आज्ञापालनाचा : निषिद्ध गोष्टीतही मान डोलावणं. त्याला तो सद्गुण मानत नाही. वरिष्ठांचा अधिकार देवाच्या आज्ञेखाली आहे. लेकराचं रक्षण ही देवाची आज्ञा आहे, त्यामुळे ते थांबवण्याचा अधिकार वरिष्ठांना नाही.

कायदाही संदिग्ध नाही. पोक्सो कायदा 2012 चा. अठरा वर्षांखालच्या मुलावर अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं कळलं, तर कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गुन्हा हाताखालच्या माणसाचा असेल तर संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. सद्भावनेनं कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. चर्चचा नियमही आता हेच सांगतो. पोप फ्रान्सिस यांनी मे 2019 मध्ये काढलेल्या आदेशानुसार करणारा फादर किंवा संघातलाच कुणी असेल, तर फादर आणि सिस्टर यांनी तो प्रकार चर्चच्या अधिकाऱ्यांना कळवायचाच आहे, आणि कळवणाऱ्यावर मौनाची सक्ती करता येत नाही. "आत मिटवू" असं म्हणणाऱ्या वरिष्ठ अशा वेळी या नियमाच्याही विरोधात जातात.

मुलीला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावू नका, तिचं नाव कुणाला कळू देऊ नका, आणि तो माणूस आवारात येणार नाही याची व्यवस्था त्याच संध्याकाळी करा. तुमच्या वसतिगृहात असं काही कानावर आलं, तर या सदराच्या उत्तराची वाट पाहू नका. मुलांच्या मदतीसाठीचा 1098 फिरवा, किंवा सरळ ठाण्यात जा.